प्रश्नावाचून घेतलेला कौल

॥ श्री ॥

बीजाच्या अंधारात जी जागी असते आणि मातीच्या पोटात जिचे काम नाव न घेताही चालते, त्या जगन्मातेला प्रथम नमन. तिच्या कृपेवाचून लेखणी कागदाला लागत नाही. लागली तरी खरे उमटत नाही. खरे उमटावे एवढे मागून विषयाकडे वळतो.

वैशाख शुद्ध दशमी

चि. दिशा हीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. तुमच्या संस्थेतली भूमिका नावाची मुलगी ते घेऊन आली आणि मी वाचून होईपर्यंत ओटीवर बसून राहिली. उत्तर घेऊनच यायचे असे तिला सांगितलेले असावे. मी तिला चहा दिला आणि रिकाम्या हाताने पाठवले. उभ्याउभ्या देण्यासारखे ते उत्तर नव्हते.

तू परदेशी शिकायला गेलीस त्यानंतर तुझे अक्षर आज प्रथम पाहिले. अक्षर बदललेले नाही. पत्रात घरातल्या कोणाची विचारपूस नाही, तेही योग्यच आहे. तू कामासाठी लिहिले आहेस, मीही कामापुरतेच लिहितो.

तू विचारतेस, चिठ्ठी काढण्याचा प्रसंग देवळात का झाला आणि तिथे नेमके काय बोलले गेले. जसे झाले तसे सांगतो.

तुमची माणसे ठरल्याप्रमाणे ग्रामपंचायतीच्या कचेरीशी आली. कचेरीला कुलूप होते आणि किल्लीवाला टोकावड्याला लग्नाला गेला होता. दुसऱ्या गावचे, म्हणजे तुझी भावजय सारिका हिच्या माहेरचे, लोक शहापुराहून जीप करून आलेले. तिचे वडील त्यांच्यात होते. व्याही उन्हात उभे, हे मला बरे दिसेना. मी म्हटले, देवळाच्या सभामंडपात बसू, सावली आहे, पंखा आहे. याहून मोठे कारण नव्हते.

भूमिकेने विषय चांगला मांडला. ओल्या मातीत अंकुशकृमी नावाचा जंत असतो. तो तळपायातून शिरतो, आतड्याला धरून राहतो आणि रक्त पितो. शाळेतल्या आणि अंगणवाडीतल्या मुलांना सरकार गोळी देतेच, पण मोठी माणसे राहून जातात. त्यांच्या पोटातून जंत पुन्हा मातीत आणि मातीतून पुन्हा मुलांच्या पायात जातो. सबंध गावाला गोळी दिली तर हे फिरणे थांबते का, ते तुम्हाला पाहायचे आहे. म्हणून एका गावात सर्वांना द्यायची, दुसऱ्यात पूर्वीसारखी मुलांनाच द्यायची आणि दोन्हीकडचे शौचाचे नमुने ताडून पाहायचे. कोणते गाव कोणते, हे माणसाने ठरवू नये, म्हणून चिठ्ठी.

चंदरला तू ओळखतेस. तो म्हणाला, "म्हंजे आमचं हगणं आणि शहापूरवाल्यांचं हगणं, यांची शर्यत लावताव का गो बाय?" मंडप हसला. व्याहीही हसले. भूमिका म्हणाली, "शर्यतच समजा काका. पण डबी वेळेवर द्या."

मग तिने स्टीलच्या पेल्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या. दोन्ही गावे मला ओळखतात म्हणून काढायला मला सांगितले. मी डोळे मिटले, हात घातला, आणि तोंडातून नित्याचेच शब्द निघाले: "माते, कौल दे."

आपल्या गावाला 'फक्त मुले' आली. मंडपातल्या साऱ्यांनी हात जोडले. तुमच्या भूमिकेनेही जोडले, शिष्टाचार म्हणून.

कौलाचे तबक पणजोबांपासून आपल्या घराकडे आहे. पेरणी असो, सोयरीक असो, विहीर असो, देवीच्या अंगावर दोन पाकळ्या लावायच्या आणि विचारायचे. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हे तुला सांगण्याची गरज नव्हती. तुझ्या जाण्याच्या वेळी डावी पडली होती आणि तू गेलीस.

आता गाव म्हणते, मोठ्या माणसांनी जंताची गोळी घेऊ नये असा देवीचा कौल आहे. तू लिहितेस की तुमच्या नियमात आजारी माणसाला दोन्ही गावांत केव्हाही औषध द्यायचेच असते, आणि ते आरोग्य केंद्रात ठेवलेले आहे. ठेवलेले आहे हे खरे. घेत कोणी नाही. म्हणून मी चार माणसांत सांगावे की तो कौल नव्हता, असे तुझे म्हणणे. तुझे वाक्य असे: "ते नाणे उडवण्यासारखे होते, बाबा. त्यात कोणाचीच इच्छा नव्हती. कोणाची इच्छा शिरू नये म्हणूनच तसे करतात."

बाळ, जिथे कोणाही माणसाची इच्छा शिरू शकत नाही, त्याच जागेला गाव देवीची जागा म्हणते. मीही म्हणतो. तुझ्या वाक्याने माझी अडचण सुटली नाही.

विचार करतो आहे. घरी क्षेम. हितेश वाशिंदच्या कारखान्यात जातो-येतो. सारिकेला दिवस गेले आहेत.

तुझा,
बाबा

आषाढ वद्य पंचमी

चि. दिशा हीस आशीर्वाद.

भाताचे आवण लावून झाले. पाऊस पुरेसा आहे. मागील दारची फणसाची फांदी मोडली, ती हितेशने तोडून बाजूला केली.

तू सारिकेबद्दल विचारलेस. ती बरी आहे. लावणीला आली होती. मी नको म्हटले होते, म्हणाली, "बसून काय करू मामंजी? बाया नावं ठेवतील." दुपारी ती बांधावर बसली आणि मग बसूनच राहिली. ओठ आणि नखे पांढरी दिसतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आहेत, रात्री खाजवते. हितेशने रबरी बूट आणून दिले; ते चिखलात रुतून बसतात म्हणून तिने ते गोठ्याच्या खुंटीला टांगले. मागच्या भिंतीची माती एका जागी कोरलेली दिसते. मला प्रथम वाटले, उंदीर. उंदीर नव्हे, तीच खाते. पांडुरोगात मृत्तिकेची ओढ लागते असे वैद्यकशास्त्रात सांगितले आहे, ते मी तरुणपणी वाचले होते. वाचलेले घरात असे पुढे येते.

नर्सबाईंनी तपासले. रक्त फार कमी आहे. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एक जंताची गोळी दिली; पाचव्या महिन्यात ती देतात, तिचा अपाय नाही असे त्या म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या सारिका नेमाने घेते. जंताची गोळी तिने देवघरात ठेवली आहे. रोज सकाळी मी पूजेला बसतो तेव्हा ती पळीपंचपात्राशेजारी असते. तिला हळदकुंकू वाहिलेले असते.

मी तिला विचारले, "ही घेतली का नाहीस?"

म्हणाली, "कौल जंताच्या गोळीचा झालाय ना मामंजी. लोखंडाच्या गोळीचा नाय झाला. ती घेते."

"नर्सबाई सांगतात ना."

"नर्सबाई कल्याणच्या. त्यांना काय ठाऊक आपलं?"

"माहेरी गेली होतीस तेव्हा तुझ्या आईने, वहिनीने, सगळ्यांनी घेतली."

"त्यांना कौल व्हता. आपल्याला नाय." आणि मग हसून म्हणाली, "तुमीच काढलात की! मी मागं उभी व्हते, मी ऐकलं."

तिचा तर्क निर्दोष आहे. न्यायशास्त्रात मी मुलांना शिकवीत असे, शब्द हे प्रमाण आहे, जर सांगणारा आप्त, म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा, असेल तर. तिच्या दृष्टीने मी आप्त आहे.

तू लिहितेस की खाल्लेल्या अन्नाच्या लोहाचे जे रक्त होते तेच किडे पितात, आणि वरून घातलेले पुरे पडत नाही. कळले.

तबकाबद्दल तू विचारलेस. त्याचे उत्तर पुढच्या पत्री देतो. भूमिका खाली जीपसाठी थांबली आहे.

बाबा

श्रावण वद्य द्वितीया

चि. दिशा हीस आशीर्वाद.

तू सारिकेला फोन केलास ते बरे केलेस. तुम्ही नणंदा-भावजया प्रथमच बोललात. मी पलीकडच्या खोलीत पोथी वाचत होतो. भिंत पातळ आहे. तिने तुला "ताई" म्हटले. "ताई, तुमची गोष्ट येगळी. तुमी शिकल्यात. तुमी कौल मोडून गेल्यात, तुमाला देवीनं सोडलं. मला नाय सोडायची, माझ्या पोटात आहे." त्यावर तू काय म्हणालीस ते ऐकू आले नाही. फोन ठेवल्यावर तिने तांदूळ निवडायला घेतले.

गंगीआजी परवा आली. आता तिला दिसत नाही, पण काठीने ओटी शोधून बरोबर माझ्यासमोर बसली. माझ्याशी एकेरीत बोलणारी गावात ती एकटीच उरली आहे.

"कमळाकरा, सून पांढरी पडलीय म्हणतात."

"होय."

"मंग तबक ठेव ना रे."

तुला ही रीत ठाऊक नसेल, कारण तुझ्या हयातीत झालेली नाही. कौल घेणाऱ्याला आपले विचारणे चुकले असे वाटले, तर तो देवीच्या उंबऱ्यावर तबक ठेवतो आणि गावासमोर तसे बोलतो. त्या वर्षीचे सारे कौल सुटतात. पूर्वी तबक पलीकडच्या आळीत होते. त्यांनी ठेवले, म्हणून ते आपल्या पणजोबांकडे आले. ठेवलेले तबक त्या घराला परत मिळत नाही. हितेशला, हितेशच्या मुलाला, कोणालाच नाही.

मी आजीला म्हटले, "आणि गावाने एकदम गोळ्या घेतल्या तर दिशाचे काम मोडेल. तिला आपले गाव आहे तसे हवे आहे."

आजी म्हणाली, "दिशाचं काम दिशा बघंल. तू तिची फिकीर कदीपासून करायला लागलास?"

म्हणून तुलाच विचारतो. माझे चुकते काय? तू तुझ्या पत्रात स्वतः लिहिले आहेस: "आजाऱ्याने थांबू नये, बाकी गावाने उन्हाळ्यापर्यंत थांबावे, म्हणजे तुलना पुरी होईल." सारिकेने तेवढी एक गोळी घरात, आतल्या आत, घेतली असती तर तुझी तुलनाही राहिली असती आणि तबकही राहिले असते. मी देवघरातून उठून जातो, मुद्दाम वेळ लावतो, परत येतो. गोळी तिथेच असते. एकदा मी ती तिच्या ताटाशेजारी ठेवली. तिने ती कपाळाला लावून परत देवघरात नेली.

तू एकदा मोडलास तो कौल. ही मोडत नाही.

हितेश माझ्याशी कमी बोलतो. काल डबा घेताना म्हणाला, "बाबा, तुमी फक्त एक शब्द बोला. भाषण नको."

मी त्याला सांगितले, अमावास्या होऊ दे.

बाबा

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी

चि. दिशा हीस.

सारिकेला चक्कर आली आणि अंगावरून गेले. मुरबाडला नेले, तिथून कल्याणकडच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. दिवस भरलेले नव्हते. मुलगी झाली. जिवंत नव्हती.

सारिका आहे. तिला रक्त चढवले. आणखी चढवतील.

हितेश तिथे आहे. मी सायंकाळच्या एसटीने परतलो, कारण गाईची धार काढायला कोणी नव्हते. गाय पान्हवली नाही. अशा प्रसंगी घराने काय पाळावे ते शास्त्रात सांगितलेले आहे. ते मी पाळतो आहे.

बाबा

भाद्रपद वद्य तृतीया

चि. दिशा हीस आशीर्वाद.

पितृपक्ष लागला आहे. घरोघर पाने वाढतात. ज्या जीवाला नाव ठेवले नाही त्याला तर्पण नसते. मी दोन वेळा ग्रंथ उघडून पाहिले, तसेच लिहिले आहे.

तुझे पत्र मिळाले. एवढे मोठे पत्र तू मला कधी लिहिले नव्हतेस. त्यात माझ्यावर एकही दोष ठेवलेला नाही. तो मी शोधला.

आता झालेले सांगतो.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी हितेशला सांगितले की रक्त चढवले तरी आत पिणारे बसलेले आहेत, ते आधी काढले पाहिजेत. नाही तर ही पुन्हा याच पायरीला येईल, आणि तेव्हा हाती लागेलच असे नाही. परिचारिकेने गोळी दिली. सारिकेने ओठ मिटले. हितेश रडला, ओरडला. मग मला फोन केला आणि फोनवर काहीच बोलला नाही. मागे गाड्यांचे आवाज येत होते.

मी चंदरला सांगितले की गाव बोलाव. त्याने कारण विचारले नाही.

मला अशौच होते, देवळात जाता येत नव्हते. दहा दिवस थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. पायरीखाली, जिथे चपला काढतात, तिथे उभा राहिलो. तबक घासून नेले होते. गंगीआजीला धरून आणले होते; ती म्हणाली, "वर येऊ नको. तिथनंच बोल. ऐकू येतं देवीला."

मी म्हणालो, "चिठ्ठीच्या दिवशी मी मातेला म्हटले, कौल दे. पण काय विचारतो आहे, ते मी बोललो नव्हतो. माझ्या मनातही नव्हते. विचारणारी होती ती भूमिका, आणि तिचा प्रश्न एवढाच होता की कोणत्या गावी काय द्यायचे आणि मग काय दिसते ते पाहायचे. मोठ्यांनी औषध घ्यावे की नाही, हे मातेला कोणी विचारलेच नाही. ज्याला प्रश्न नाही ते उत्तर नव्हे. ते मी कौल म्हणून हातात घेतले आणि तुम्ही माझ्या हातातून घेतले. माझे विचारणे चुकले. तबक ठेवतो."

मी ते पायरीवर ठेवले. वाटले होते काही होईल. काही झाले नाही. पितळेचा आवाज झाला, तेवढाच.

मग चंदर म्हणाला, "गुरुजी, मंग आमी इतके दिवस कोणाचं ऐकलं?"

"माझे."

तो मान हलवून खाली बसला. त्याने एकही विनोद केला नाही. मागून एक बाई म्हणाली, "तेव्हाच बोलला असता तर," आणि दुसरीने तिला "गप गो" केले. ती गप्प बसली, पण तिचे वाक्य पुरे झालेले होते.

गंगीआजीने काठीने चाचपून तबक शोधले, पदरात गुंडाळले आणि म्हणाली, "झालं. आता याला बोलू नका कोणी. कल्याणला जायचंय याला."

चंदरनेच त्याच्या भाच्याची जीप काढली. वाटेत म्हसा फाट्यावर थांबून त्याने मला केळी घेऊन दिली. ती मी खाल्ली. त्यांची चव आठवत नाही.

सारिका भिंतीकडे तोंड करून होती. हाताला नळी होती. मी खाटेशी उभा राहिलो. तिने वळून माझे हात पाहिले, जणू त्यांत काही आणले आहे की नाही ते पाहावे.

"ठेवलंत?"

"ठेवले."

"सगळ्यांम्होरं?"

"सर्वांसमोर."

तिने हात पुढे केला. परिचारिकेने गोळी दिली. चावून खायची असते म्हणाली. सारिकेने चावली. सावकाश चावली. आम्ही दोघे, हितेश आणि मी, तिच्या जबड्याकडे पाहत होतो.

मग ती म्हणाली, "गोड हाय."

परिचारिकेने तक्त्यावर खूण केली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

"एवढीच व्हती, मामंजी?"

मी हो म्हटले. तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केले. मी पाण्याचा पेला तिच्या उशाशी ठेवला आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो. तिथे एक दुसरे गृहस्थ होते, त्यांनी विचारले, तुमचे कोण? मी म्हटले, मुलगी.

बाबा

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

चि. दिशा हीस अनेक आशीर्वाद.

भात झोडून झाले. उत्पन्न बरे आहे.

तुझे पत्र भूमिकेने वाचून दाखवले. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. झाले ते तुला ठाऊकच आहे, तरी माझ्या बाजूने लिहितो. तबक ठेवल्यावर आठवडा पुरता गेला नाही तोच गावाने मुरबाडच्या औषधाच्या दुकानांतून गोळ्या आणल्या. कोणी दोन घेतल्या, कोणी शेजाऱ्यालाही दिली. चंदरने तर आपल्या सासऱ्याला दाबून धरून दिली, म्हणे. भूमिका हिरमुसून सगळ्यांना विनवीत फिरली की आजाऱ्यांनी जरूर घ्या, पण बाकीच्यांनी थांबा, नीट मोजून घेऊ. कोणी थांबले नाही. ज्यांनी पूर्वी नमुन्याची डबी घेऊन यायला लाज केली, ते आता स्वतः डब्या घेऊन तिच्यामागे. चंदर म्हणाला, "घे गो बाय, ताजा माल हाय, फुकाट." ती हसली आणि तशीच रडायलाही लागली. ती चांगली मुलगी आहे. तिला बढती मिळण्याची सोय असेल तर पाहा.

तू लिहितेस की आपले गाव आणि सारिकेचे माहेर, ही जोडी तुम्हाला तुलनेतून काढून टाकावी लागली. इतर गावांच्या जोड्या आहेत, त्यांवर काम चालू राहील, उत्तर थोडे उशिरा आणि थोडे क्षीण मिळेल. माझ्यामुळे तुझ्या कामाचे इतके नुकसान झाले, हे तू मोजून सांगितलेस, ते मला आवडले. सांत्वन केले असतेस तर कमी आवडले असते.

सारिका वाशिंदला आहे. हितेशने तिथे खोली घेतली. तिला गाव नको होते. तिने तसे म्हटले नाही, पण सामान बांधताना देवघराकडे पाहिले नाही. मी अडवले नाही. परवा तिचा फोन आला. रक्त वाढले आहे. आवाजही वाढला आहे, असे वाटले. मी जेवलो का हे तिने विचारले, काय जेवलो ते विचारले नाही. मग म्हणाली, "ताईंशी बोलते मी. रोज नाय, पन बोलते." हे तू मला कळवले नव्हतेस. कळवायला हवे होते असे नाही.

तबक आता पलीकडच्या आळीत, त्या घरातल्या एका तरुण सुनेकडे गेले. पुरुष माणूस कोणी तयार होईना. गंगीआजी म्हणाली, चालेल. मी देवळात जातो, मंडपात मागे बसतो. तिथून देवीचा चेहरा दिसत नाही, पाठमोरी माणसे दिसतात. एवढी वर्षे मी गाभाऱ्यातून पाहत होतो, तेव्हा त्यांच्या पाठी दिसत नसत. फार वाकलेल्या आहेत.

तू परवानगी मागितलीस. पुढच्या तालुक्यांत जी तुमची माणसे जातील, त्यांना ही पत्रे वाचायला द्यायची आहेत, म्हणजे चिठ्ठी देवळात निघणार नाही, काढणारा कौल घेणाऱ्या घरातला नसेल, आणि चिठ्ठी निघण्याआधीच गावाला स्वच्छ सांगितले जाईल की आजारी माणसाने कोणासाठीही थांबायचे नाही. परवानगी आहे. नाव गाळू नकोस. गाळलेस तर वाचणारा म्हणेल की असा मनुष्य नसतोच, आणि सोडून देईल. एक दुरुस्ती मात्र कर. तू लिहिले आहेस की 'गैरसमजातून' तसे झाले. गैरसमज पहिल्या दिवशी होता. श्रावणात नव्हता.

शेवटी तू लिहितेस की पौषात शहापुरास काम आहे आणि "जमल्यास" घरी येशील. पूर्वी मी असे वाक्य वाचून तबक काढले असते, पाकळ्या लावल्या असत्या आणि उजवी-डावी पाहून मन तयार केले असते. आता विचारायला माझ्याकडे काही नाही. तू येशील किंवा येणार नाहीस, ते तुझ्याकडेच आहे. खोली झाडून ठेवली आहे. ती मी एरवीही झाडतो.

ज्या कोणाच्या हाती ही पत्रे जातील, ते डॉक्टर असोत, भूमिकेसारखी डबी घेऊन दारोदार फिरणारी मुले असोत, की माझ्यासारखे ज्याच्या शब्दावर घर थांबून राहते असे कोणी वृद्ध असोत, त्या सर्वांना माझा आशीर्वाद. तुमच्या घरचे अन्न तुमच्याच अंगी लागो. तुमच्या लेकीसुनांच्या अंगात रक्त राहो आणि तोंडात नकारही राहो. बोलायचे ते वेळेत बोलण्याचे बळ माता तुम्हाला देवो. आणि ज्यांना ते वेळेत मिळाले नाही, त्यांनाही तिने आपल्या दारातून उठवू नये.

शुभं भवतु.

तुझा,
बाबा